तक्षशिला कॉलनीतल्या गोळ्यांची मोजदाद

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला गळ्यात ओळखपत्र आणि हातात टॅब घेतलेली एक मुलगी पाथर्डी फाट्याजवळच्या तक्षशिला कॉलनीत शिरली. पंधरा नंबरच्या घरासमोरून गेली, सोळा नंबरच्या घरासमोरून गेली आणि तिने सतरा नंबरची बेल वाजवली. सोळा नंबरच्या ओट्यावर झुंबरराव पगारे पेपर उघडून बसले होते. मुलीने त्यांच्याकडे पाहिलं, हसली आणि पुढे गेली.

झुंबररावांनी पेपरची घडी घातली. मतदारयादीवाले असोत, पोलिओवाले असोत की पाण्याच्या मीटरचे, कॉलनीत आलेला माणूस आधी सोळा नंबरला थांबतो, हा बावीस वर्षांचा रिवाज. अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअर सांभाळलेल्या माणसाला सगळ्यांची घरं, नावं आणि गैरहजेरीची कारणं पाठ असतात. त्याला ओलांडून सरळ लताबाई साळव्यांकडे जायचं म्हणजे काय? ते चपला घालून सतरा नंबरला गेले. बोलावलं नव्हतं, पण शेजारी बोलवायची वाट कोण बघतो.

मुलीचं नाव साक्षी भोये. मूळची पेठ तालुक्यातली, आता इथल्या एका मेडिकल कॉलेजात सार्वजनिक आरोग्याचं शिकत होती. तिने समजावून सांगितलं ते असं: दवाखान्यात येणाऱ्यांची औषधं कागदावर असतात. पण घरोघरची साधी माणसं एका वेळी किती औषधं एकत्र घेतात, कशासोबत काय घेतात, याचा हिशोब कुणाकडेच नाही. हाडाच्या डॉक्टरला पोटाच्या डॉक्टरने काय दिलं ते माहीत नसतं, आणि दोघांनाही शेजारणीने काय दिलं ते माहीत नसतं. म्हणून गेल्या सात दिवसांत पोटात गेलेली प्रत्येक गोष्ट लिहायची. डॉक्टरची, मेडिकलमधून आपल्या मनाने आणलेली, चूर्ण, काढा, तंबाखू, मशेरी, दारू, सगळं.

"मग सोळा नंबरच्या पोटात काही जात नाही का?" झुंबररावांनी विचारलं.

साक्षी म्हणाली, काका, तसं नाही. प्रत्येक सातवं घर घ्यायचं. पहिला आकडा चिठ्ठीने निघाला, तो तीन. मग दहा, मग सतरा. चौऱ्याऐंशी घरांतली बारा.

"म्हणजे मी एका आकड्याने हुकलो."

"हो काका."

हे मात्र त्यांना पटलं. कारखान्यात ऑडिटर यायचा तेव्हा तोही सगळे कप्पे उघडत नसे, मधलाच कुठला तरी उघडायचा. अपमान झाला होता तो झालाच होता, पण तो नियमाने झाला होता. शिवाय अपमानाच्या खाली त्यांना थोडं हायसंही वाटलं, आणि ते का, हे इथेच सांगून टाकलेलं बरं.

झुंबररावांच्या स्वतःच्या गोळ्या दोन. एक बीपीची, एक पित्ताची. पण ते रोज सहा घेत होते. वरच्या चार त्यांच्या बायकोच्या, छायाच्या. छाया जानेवारीत गेली. तिच्या गोळ्या पंधरा दिवस पुरतील इतक्या उरल्या होत्या. चांगला माल फेकून देणं झुंबररावांना एकतीस वर्षांत जमलं नव्हतं, तेव्हा त्यांनी त्या घेऊन संपवल्या. तिला बीपी, आपल्यालाही बीपी, म्हणजे काही अगदीच परकं औषध नव्हे, असा विचार त्यामागे होता. इथवर ठीक होतं. पण रिकामी पाकिटं एका लखोट्यात टाकायची, महिन्याच्या सुरुवातीला तो लखोटा दिनेशच्या मेडिकलमध्ये द्यायचा आणि त्याने पाकिटं बघून तेच पुन्हा द्यायचं, ही छायाने घालून दिलेली पद्धत. त्या महिन्यात लखोट्यात तिचीही रिकामी पाकिटं गेली. काउंटरवरच्या माणसाने तिच्याही गोळ्या दिल्या. 'या नकोत, ही बाई आता नाही' असं म्हणायला झुंबररावांनी तोंड उघडलं, मागे रांग होती, तोंड मिटलं. आणलेल्या गोळ्या पुन्हा घ्याव्या लागल्या, त्यांची पाकिटं पुन्हा रिकामी झाली. असे नऊ महिने झाले.

दुसरी गोष्ट चक्करची. महिन्यापूर्वी भाजीबाजारात कोथिंबीर निवडून ते उभे राहिले आणि सगळा बाजार एका बाजूला कलला. ते कोबीच्या ढिगावर बसले. भाजीवालीने आधी कोबी तपासला, मग त्यांना. लताबाईंनी ही बातमी झुंबररावांच्या मुलीला, तेजलला, पुण्याला फोनवर दिली. तेजलने वडिलांना कळवलं की ती येत्या रविवारी येतेय, पुन्हा एकदा जरी चक्कर आली असेल तरी बॅग भरायची आणि पुण्याला चलायचं, यावर चर्चा नाही. तेजलचा फ्लॅट अकराव्या मजल्यावर. मागे ते तिथे आठ दिवस राहिले होते. खाली पेपर आणायला उतरलं की वर येताना वॉचमन रोज विचारायचा, कुणाकडे जायचंय. मुलगी चांगली, जावई चांगला, पण झुंबररावांना आपलं घर सोडायचं नव्हतं. कोबीनंतर त्यांना आणखी तीनदा गरगरलं होतं. ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

तेव्हा ही मोजणी म्हणजे त्यांना संधी वाटली. रविवारी तेजल येईल आणि बघेल की वडील सगळ्या कॉलनीच्या औषधांचं काम अंगावर घेऊन उभे आहेत. असल्या माणसाला पुण्याला नेतं कोण?

"कामात काही अडलं तर मी आहे," ते साक्षीला म्हणाले.

अडायला लताबाईंच्या घरातच सुरुवात झाली. आधी संमतीपत्र. ते कुणीतरी इंग्रजीतून मराठीत आणलेलं होतं आणि वाटेत त्याचे बरेच हाल झाले होते. 'सदर अभ्यासात अंतर्भूत होण्यास माझी स्वेच्छापूर्वक अबाधित अनुमती असून' असं एक वाक्य सुरू व्हायचं ते पान उलटल्यावर संपायचं. अठरा नंबरच्या नवसाबाईही तोवर येऊन बसल्या होत्या. त्या येवल्याकडच्या, वय अठ्ठ्याहत्तर, आणि निवड न झाल्याचा राग धरून आलेल्या. त्या म्हणाल्या, "हे ऐकूनच माझं डोकं चढलं. लते, एक गोळी दे."

लताबाईंनी दिली. साक्षीने ती देताना पाहिली, आणि तिथून प्रकरण वाढलं. पाकीट दहा गोळ्यांचं, अंगदुखीचं. लताबाईंनी सात दिवसांत त्यातल्या किती घेतल्या? तीन. मग पाकिटात आता एकच कशी? चार नवसाबाईंना दिल्या, ही धरून. एक चोवीस नंबरच्या भावाला. आणि एक, लताबाई म्हणाल्या, पगारे भाऊंना, परवा डोकं धरून बसले होते तेव्हा.

"ती मी घेतली नाही. ठेवलीय," झुंबरराव घाईने म्हणाले.

साक्षीच्या टॅबमध्ये 'दुसऱ्याचं औषध घेतलं का' याला हो-नाही होतं. 'दुसऱ्याला दिलं का' याला जागाच नव्हती. तिने कॉलेजातल्या मोहिनी मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, देणाऱ्याचं लिहायचं नाही, घेणाऱ्याचं लिहायचं, पण घेणारा निवडलेल्या घरातला असला पाहिजे. नवसाबाईंना हे कळलं तेव्हा त्यांनी पदर खोचला. गोळ्या खाव्यात त्यांनी आणि नाव लागावं लतीचं, हा कुठला न्याय, असं त्यांचं म्हणणं. त्या रोजच्या सात घेतात, सकाळी पांढऱ्या आणि सांजच्याला रंगाच्या, वर मशेरी, आणि त्यांना कुणी विचारत नाय.

लताबाईंच्या नावावर अकरा औषधं लागली. टॅबमध्ये रकाने दहाच. अकरावं आयुर्वेदिक होतं, ते साक्षीने शेऱ्यात घातलं.

दुपारपर्यंत लताबाईंच्या 'अकरा'ची बातमी सगळ्या कॉलनीत झाली. तिच्यासोबत कुणाच्या तरी तोंडून असंही निघालं की यादीत ज्याची औषधं जास्त, त्याला ती सरकारकडून घरपोच मिळणार. हे कुणी म्हटलं याचा झुंबररावांनी पुढे बराच शोध घेतला, पण प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं. एवढं खरं की चोवीस नंबरमध्ये साक्षी पोचली तेव्हा टेबलावर प्रदर्शन मांडल्यासारख्या गोळ्या होत्या. एकतीस नंबरला वारलेल्या सासऱ्यांचे डोळ्यांचे थेंब निघाले आणि कुत्र्याचं जंताचं औषध निघालं. झुंबरराव चष्मा लावून प्रत्येकाची तारीख वाचत. "दोन हजार एकोणीस," ते म्हणत, "हे बाद." त्यांना इतकं छान कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. साक्षी पुन्हा पुन्हा सांगत होती की घरात काय आहे ते नको, गेल्या सात दिवसांत घेतलेलंच हवं. त्यावर अडतीस नंबरच्या गृहस्थांनी तिच्यासमोरच एक व्हिटॅमिनची गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले आणि म्हणाले, "घेतली. आता लिहा."

संध्याकाळी आकडे कॉलेजात गेले. माणशी सरासरी आठ पूर्णांक सात.

शनिवारी सकाळी सोसायटीचा सेक्रेटरी ललित दोंदे जागा झाला. ललित पस्तिशीचा, विम्याची कामं करणारा, आणि आपल्याला न विचारता कॉलनीत काही झालं की दुखावणारा. रात्रभर विचार करून त्याने सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं की वैयक्तिक माहिती देताना सभासदांनी सावध असावं, उद्या हीच माहिती विमा कंपनीच्या हाती गेली आणि क्लेम नाकारला तर सोसायटी जबाबदार नाही. शिवाय असल्या कामाला कमिटीचा ठराव लागतो, तो झालेला नाही.

त्या सकाळी तक्षशिला कॉलनीइतकी निरोगी वसाहत नाशकात दुसरी नव्हती. पंचेचाळीस नंबरच्या बाई म्हणाल्या, आमच्याकडे साधी क्रोसिनसुद्धा नसते, आणि त्यांच्या मागे फ्रिजच्या उघड्या दारात इन्सुलिनचा डबा होता. बावन्न नंबरने दारच उघडलं नाही. लताबाईंनी साक्षीला गाठून सांगितलं की कालच्या अकरा त्यांच्या नव्हत्याच, पाहुण्यांच्या होत्या. झुंबररावांचा तोल गेला. ते घरोघर जाऊन बोलले, अरे तुम्ही काल एक सांगता, आज एक सांगता, एक पोरगी उन्हात फिरतेय, तिला खरं सांगायला तुमच्या जिवावर का येतं? माणसाने निदान स्वतःच्या पोटाबद्दल तरी खरं बोलावं. साठ-बासष्ट घरांत, निवड न झालेल्यांतसुद्धा, त्यांनी हे ऐकवलं. ऐकवताना आपल्या सहा गोळ्यांची त्यांना एकदाही आठवण झाली नाही असं म्हणता येणार नाही. पण ते सोळा नंबर होते, आणि सोळा नंबरला कुणी विचारलेलं नव्हतं.

शनिवारची सरासरी शून्य पूर्णांक चार. मोहिनी मॅडमचा फोन आला आणि त्यांनी विचारलं की ही एकच कॉलनी आहे ना. असंच असेल तर तक्षशिला रद्द, साक्षीने दुसरी वसाहत घेऊन सगळं पहिल्यापासून करायचं. तिचा प्रबंध महिनाअखेर द्यायचा होता. ती झुंबररावांच्या ओट्यावर बसून राहिली.

"प्रत्यक्ष मोजणी," झुंबरराव म्हणाले. "तोंडी सांगितलेला स्टॉक कधीच जुळत नाही. माल टेबलावर आला पाहिजे."

त्यांची योजना सोपी होती. रविवारी दहा वाजता कॉलनीच्या बुद्धविहाराच्या हॉलमध्ये बारा घरांनी आपली औषधाची पिशवी घेऊन यायचं. पिशवीला एक चिठ्ठी, तोच नंबर मालकाच्या हातात. साक्षी पिशवी बघून लिहिणार, चिठ्ठी जुळवून पिशवी परत. ललितने ठरावाचं काढलं, तेव्हा झुंबररावांनी त्यालाच कार्यक्रमाचा अध्यक्ष केलं आणि ठराव त्याच्याकडूनच लिहून घेतला. एकतीस वर्षांत माणूस एवढं शिकतो.

रविवारी बारा घरं आली, आणि त्यांच्याशिवाय उरलेली बहात्तरही आली. निवड झालेली आणि न झालेली हा भेद विहारात चालणार नाही, असं नवसाबाईंनी दारातच जाहीर केलं. नाही म्हणायची साक्षीची हिंमत झाली नाही. ती म्हणाली, लिहीन मी बाराच घरांचं, बाकीच्यांची नुसती बघून देते, कुणाचं काही चुकत असेल तर सांगते. झुंबररावांनी टेबलं जोडली, चिठ्ठ्या वाढवल्या. त्यांचं लक्ष दाराकडेही होतं. तेजलची बस बाराला पोचणार होती, आणि तिने आत यावं तेव्हा आपण टेबलाच्या मधोमध उभे असावं, असा त्यांनी अंदाज बांधला होता.

एक गोष्ट मात्र त्यांच्या लक्षात आली नव्हती. कॉलनीत मेडिकल एकच, दिनेशचं. तो प्रत्येकाला औषध देतो ते पांढऱ्या पिशवीत, वर हिरवी फुली. टेबलावर ऐंशीएक पांढऱ्या पिशव्या, प्रत्येकीवर हिरवी फुली, आणि प्रत्येकीवर नुसती ठेवलेली कागदाची चिठ्ठी. पिना घरी राहिल्या होत्या. ऑक्टोबरचं ऊन, हॉल भरलेला. अध्यक्ष या नात्याने ललितने सगळ्यांच्या सोयीसाठी तिन्ही पंखे पाचावर केले.

चिठ्ठ्या उडाल्या. काही विहाराच्या पायरीपर्यंत गेल्या. ज्यांच्या पिशव्या टेबलाच्या कडेला होत्या त्यांनी त्या वाचवायला उचलल्या, मग दुसऱ्यांनी आपल्या समजून त्यांच्या हातातून घेतल्या, आणि दोन मिनिटांत कुणाचं काय कुणाकडे आहे ते कळेनासं झालं. नवसाबाईंच्या हातात शुगरची औषधं आली होती आणि त्या म्हणत होत्या की ही जास्त चांगली दिसतात.

"पंखे बंद करा, पिशव्या खाली ठेवा, कुणी काही तोंडात घालू नका," झुंबरराव ओरडले आणि चिठ्ठ्या गोळा करायला वाकले. दहा-बारा उचलून झटक्यात उभे राहिले, आणि हॉल फिरला. त्यांनी टेबल धरलं. समोरची पिशवी जवळ ओढून ते तिच्यावरचं काहीतरी वाचत असल्यासारखे उभे राहिले. तिच्यावर हिरव्या फुलीशिवाय वाचण्यासारखं काही नव्हतं, तरी ते बराच वेळ वाचत होते. लताबाई त्यांच्याकडे बघत होत्या.

मार्ग साक्षीने काढला. बहुतेक पिशव्यांत डॉक्टरची चिठ्ठी असते. आपण एकेक पिशवी उघडू, नाव वाचू, ज्याचं त्याने यावं. सगळे सतरंजीवर बसले. नावं वाचली जाऊ लागली आणि लोक उठून येऊ लागले. काल ज्यांच्याकडे क्रोसिनसुद्धा नव्हती ते सगळ्यांदेखत येऊन इन्सुलिन घेऊन गेले. बारा घरांचं साक्षी लिहून घेत होती. एकदा नाव मोठ्याने वाचलं गेल्यावर कुणालाच काही लपवता येईना. अडतीस नंबरच्या गृहस्थांनी तर आपणहून सांगितलं की परवाची व्हिटॅमिनची गोळी बायकोची होती. मोजणी अखेर खरी होऊ लागली होती. झुंबरराव खुर्चीवर बसून पिशव्या पुढे देत होते. आता सगळं ठीक होईल असं त्यांना वाटलं.

शेवटच्या दहा-पंधरांत साक्षीने एक पिशवी उघडली, आतला घडी पडलेला कागद सरळ केला आणि वाचलं, "छाया झुंबर पगारे."

हॉलमध्ये कुणी उठलं नाही.

"छाया पगारे," तिने पुन्हा वाचलं. "आल्यात का?"

झुंबररावांनी पिशवी आणलीच नव्हती. ती स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्याला होती. त्यांनी लताबाईंकडे पाहिलं. लताबाईंचा चेहरा पडला होता. भाऊ धावपळीत आहेत, त्यांची राहायला नको, म्हणून शेजारधर्माने त्यांनी घरात जाऊन खिळ्यावरची पिशवी काढून आणली होती. आत काय आहे हे त्यांनी बघितलं नव्हतं.

साक्षीला काहीच माहीत नव्हतं. ती सगळ्यांकडे बघत होती आणि सगळे सतरंजीकडे.

"माझी आहे," झुंबरराव म्हणाले.

"नाही काका, नाव बाईंचं आहे. घेतं कोण या?"

"मीच घेतो."

"आणि काकू?"

"काकू नाहीत. जानेवारीत वारल्या."

हे वाक्य त्यांनी आजपर्यंत कुणाला म्हटलं नव्हतं. म्हणायची वेळच आली नव्हती, ज्यांना सांगायचं ते सगळे ती गेली तेव्हा हजर होते. ते म्हणून झाल्यावर त्यांनी लखोट्याचा सगळा प्रकार सांगितला, रांगेपासून. कुणी हसलं नाही, हे त्यांना जास्त अवघड गेलं.

साक्षीने पिशवीतली सगळी पाकिटं टेबलावर काढली. एक गुलाबी उचललं, एक निळं उचललं, दोन्ही उलटी करून मागची बारीक अक्षरं त्यांच्यासमोर धरली.

"ही तुमची बीपीची, ही काकूंची. वरचं नाव वेगळं, कंपनी वेगळी. आतलं औषध एकच आहे काका. तुम्ही रोज दुप्पट घेताय. आणि ही तिसरी अंगातलं पाणी काढायची, तीसुद्धा बीपी खाली आणते."

झुंबररावांनी चष्मा वर करून वाचलं. कारखान्यात एकच बेअरिंग दोन कंपन्यांच्या नावाने दोन कप्प्यांत ठेवणं, हा स्टोअरमधला सगळ्यात मोठा गुन्हा. तसल्या चुकीसाठी त्यांनी एका सहायकाला सहा महिने खुर्चीवर बसू दिलं नव्हतं. इथे नऊ महिने तो गुन्हा त्यांच्या स्वतःच्या पोटात चालला होता.

"काका, उठताना गरगरतं का?"

उत्तर द्यायला त्यांनी मान वर केली आणि दारात तेजल दिसली. खांद्यावर बॅग, पायात चपला तशाच. बस लवकर आली असणार. किती ऐकलं तिने, कोण जाणे.

'नाही' म्हणणं सोपं होतं. 'नाही' म्हटलं की घर राहिलं, ओटा राहिला. पण समोर सगळी कॉलनी बसली होती, आणि काल दिवसभर त्यांनी यातल्या बहुतेकांना दारात उभं राहून विचारलं होतं की खरं सांगायला जिवावर का येतं.

"गरगरतं," ते म्हणाले. "कोबीनंतर तीनदा. आणि आत्ता मघाशी, चिठ्ठ्या उचलताना, चौथ्यांदा."

साक्षीने ते टॅबमध्ये घालायचा प्रयत्न केला. टॅबवर लाल अक्षरं आली: घर निवडलेलं नाही. तिने पुन्हा घातलं, पुन्हा लाल. मॅडमना फोन लावला. मॅडम म्हणाल्या, सोळा नंबरचं काही केलं तरी लिहिता येणार नाही, पण त्या गृहस्थांना सांग की बायकोच्या गोळ्या आजपासून बंद, आपली बीपीची चालू ठेवायची, आणि उद्या सकाळी पिशवी घेऊन ओपीडीत माझ्याकडे यायचं. म्हणजे एवढं सगळ्यांदेखत खरं बोलूनही झुंबररावांची कुठेच नोंद झाली नाही. याचं त्यांना वाईट वाटलं. नऊ महिन्यांची सहा औषधं, आणि शेऱ्यातसुद्धा जागा नाही.

तेजल येऊन त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसली. बॅग मांडीवरच होती.

"पप्पा, मम्मीच्या सगळ्या घेत होतात?"

"चारही."

"कॅल्शियमपण?"

"तेपण. एक दुपारी जेवणानंतर."

तेजलने टेबलावरचं कॅल्शियमचं पाकीट उचलून पाहिलं.

"मग गुडघे कसे आहेत?"

झुंबररावांनी प्रश्न गंभीरपणे घेतला. आता खरं बोलायची सवय लागली होती. "गुडघे चांगले आहेत," ते म्हणाले. "जिन्याचा आता त्रास होत नाही."

तेजल हसली. हसता हसता तिने ओढणी डोळ्यांना लावली, मग नाकाला. मागे लताबाईही रडत होत्या, पण त्यांचं रडणं बरंचसं पिशवी आणल्याबद्दलचं होतं. तेजल म्हणाली की उद्या ओपीडीत ती सोबत येणार. चक्कर गोळ्यांचीच असेल आणि थांबली, तर पप्पांनी इथेच राहायचं. नाही थांबली तर तेव्हा बघू, तोवर ती आठ दिवस इथे राहते, ऑफिस काय ते लॅपटॉपवर. एकच अट, पुढच्या महिन्याला मेडिकलमध्ये काय बोलायचं ते त्यांनी स्वतः जाऊन बोलायचं. त्यांनी मान हलवली.

साक्षी आवराआवर करत होती. बारा घरं झाली होती, माणशी सरासरी चार पूर्णांक एक, आणि मॅडमनी ती मान्य केली होती. छायाची चार पाकिटं तिने एका बाजूला केली आणि विचारलं, ही मी कॉलेजात जमा करू का, आमच्याकडे उरलेली औषधं रीतसर नष्ट करतात.

झुंबररावांनी पाकिटं जवळ घेतली. एकेक गोळी बोटाने मोजली. सत्तावन्न.

"पावती लागेल," ते म्हणाले.

साक्षीला वाटलं ते गंमत करताहेत. मग तिने वहीतलं पान फाडलं आणि लिहिलं: छाया झुंबर पगारे यांची औषधं, प्रकार चार, एकूण गोळ्या सत्तावन्न, मिळाली. खाली सही, तारीख. झुंबररावांनी वाचलं, नावाआधी 'कालकथित' लिहायचं राहून गेलं होतं, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं. कागदाची घडी घालून खिशात ठेवली.

नवसाबाई इतका वेळ टेबलाशी उभ्या होत्या. त्या पुढे वाकून हळूच म्हणाल्या, "त्यातलं क्याल्शियम तेवढं मला दे ना भाऊ. गुडघ्याला लय गुण हाय म्हणतोस, मग कशापायी वाया घालवतो?"

नऊ महिन्यांपूर्वी झुंबररावांनी दिलं असतं.

"नाही मावशी," ते म्हणाले. "पावती झाली."